थंडीत टेंटमध्ये गरम कसं झोपायचं, जमिनीपासून वर एकेक पायरी

डिसेंबर लागला की सगळ्यांचे टेंट माळ्यावरून खाली येतात. कोणी हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदणला चाललेलं असतं, कोणी पवनेच्या नाहीतर भंडारदऱ्याच्या काठावर, आणि आजकाल बरेच जण डायरेक्ट केदारकंठा किंवा ब्रह्मताल, म्हणजे हिमालयातला पहिलाच ट्रेक आणि तोही बर्फात. विचारतात मात्र सगळे एकच, रात्र कशी काढायची. चढ जमतो, पाय दुखले तरी चालतं, पण रात्रभर कुडकुडलेला माणूस दुसऱ्या दिवशी धड चालू शकत नाही आणि त्याचं लक्षही कुठे लागत नाही. उणे १० मध्येसुद्धा टेंटमध्ये शांत झोप लागते हो, फक्त कामं योग्य क्रमाने करावी लागतात. मी जमिनीपासून वर अशा क्रमाने सांगतो, कारण बहुतेक जण वरच्या टोकाने सुरुवात करतात, सगळे पैसे पांघरुणावर घालतात आणि खाली सहा मिलीमीटरची मॅट टाकून झोपतात.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की स्लीपिंग बॅग कोणालाही गरम करत नाही, टेंटही करत नाही. टेंटमध्ये हीटर एकच, तुमचं शरीर, आणि झोपेत ते साधारण ७०-८० वॅट उष्णता देतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. बाकी सगळं सामान ती उष्णता धरून ठेवायला असतं. ती जाते कुठून तर अंगाखालच्या गार जमिनीत, वाऱ्याबरोबर, उघड्या आकाशाकडे, आणि ओल्या कपड्यातलं पाणी सुकताना. यातली जमीन ही सगळ्यात मोठी चोर आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

जागा

अर्धी रात्र जागेवरच ठरते. आपल्याकडे दर हिवाळ्यात बातमी येते की महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळा भागात दवबिंदू गोठले, आणि त्याच पहाटे बाजारपेठेत बरेच अंश जास्त तापमान असतं. निफाडचंही तसंच, ना उंच डोंगर ना घाटमाथा, तरी राज्यातल्या सगळ्यात गार जागांमध्ये त्याचं नाव सारखं येतं. याचं कारण कळलं की टेंट कुठे लावायचा ते आपोआप कळतं. आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन तिची उष्णता वर सोडून देते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि ती जड हवा उतारावरून सरकत सरकत खोलगट जागी, ओढ्याच्या पात्रात, तळ्याकाठी जाऊन साचते. म्हणजे जी जागा फोटोत सगळ्यात सुंदर दिसते, पाण्याला अगदी लागून सपाट गवत, तीच पहाटे चारला सगळ्यात गार आणि सगळ्यात ओली असते. पाण्यापासून आणि दरीच्या तळापासून थोडं वर चढा, २०-३० मीटर वर एखादा सपाट टप्पा मिळाला तरी फरक जाणवतो.

फार वरही नको. कड्याच्या टोकावर, खिंडीत, पठाराच्या कडेला वारा असतो आणि वारा ऊब ओरबाडून नेतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या अगदी काठाला टेंट लावायचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळा, तिथला वारा बेभरवशाचा आहे आणि अंधारात उठून बाहेर जायचं म्हटलं तरी काठ जवळ नको. झाडांच्या, मोठ्या दगडाच्या किंवा एखाद्या भिंतीच्या आडोशाला लावा. डोक्यावर झाडाचा पसारा असेल तर दव कमी पडतं आणि उष्णता आकाशाकडे कमी जाते, फक्त वर वाळलेली फांदी लटकत नाही ना ते बघून घ्या. टेंटची बुटकी, निमुळती बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या उलट दिशेला. आणि जमलं तर अशी जागा बघा जिथे सकाळचं पहिलं ऊन पडेल, कारण सगळ्यात जास्त थंडी सूर्योदयाच्या आसपास असते आणि तेव्हा अर्धा तास आधी मिळालेलं ऊन फार मोलाचं असतं.

टेंट केवढा हवा? जेवढी माणसं तेवढाच. दोघांसाठी चार जणांचा टेंट म्हणजे रिकामी गार हवा. पण टेंटमुळे आत खूप गरम होईल अशी अपेक्षा ठेवू नका, बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंशांचा फरक पडतो, त्याचं खरं काम वारा आणि दव अडवणं. दोन पदरी टेंट, म्हणजे आतली जाळीची खोली आणि वरचं वेगळं कव्हर, थंडीत बराच चांगला. सह्याद्रीत कातळावर खुंट्या ठोकता येत नाहीत तेव्हा दोऱ्या दगडांना बांधून ताणा, वरचं कव्हर सैल राहिलं की ते आतल्या कापडाला चिकटतं आणि पाणी आत येतं. दगड उचलताना हात घालायच्या आधी पायाने सरकवून बघा, खाली विंचू असतात.

अंगाखाली काय घालायचं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी तुमच्या पाठीखालचा तिचा भाग तुमच्याच वजनाने दबून चपटा होतो. ऊब धरून ठेवते ती कापसात, पिसात अडकलेली हवा, आणि दबल्यावर ती हवाच उरत नाही. म्हणजे पाठीखाली बॅग जवळजवळ नसल्यासारखीच, तिथे जे काही काम करायचंय ते मॅटनेच करायचंय.

मॅटवर आर व्हॅल्यू म्हणून एक आकडा असतो, जेवढा जास्त तेवढी जमीन कमी गार लागते. २०१८ पासून तो मोजायची एक सामाईक पद्धत आहे त्यामुळे चांगल्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. ढोबळ हिशोब असा की आपल्याकडच्या साध्या रात्रींना २ च्या आसपास पुरतो, सह्याद्रीतल्या कडक थंडीत ३ असला तर छान, आणि बर्फावर झोपायचं असेल तर ५ च्या आसपास किंवा वर हवा. आणि हे आकडे एकावर एक ठेवले की बेरीज होते, ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट. साधी फोमची कॅरीमॅट दीड ते दोन देते, दोन टाकल्या की तीन-चार. चार-पाच हजाराची नवी मॅट घेण्याऐवजी अजून एक कॅरीमॅट विकत घेऊन सॅकला बाहेरून बांधली तरी पहिल्या हिवाळ्याचं काम भागतं.

फुगवायच्या मॅटबद्दल गैरसमज आहे, जाड आहे म्हणजे गरम असणार असं वाटतं. आत नुसती पोकळ हवा असेल तर ती हवा आतल्या आत फिरत राहते आणि अंगातली उष्णता जमिनीला पोचवते, त्यामुळे बीचवर वापरायची किंवा घरी पाहुण्यांसाठी असलेली एअर मॅट्रेस थंडीत पातळ कॅरीमॅटपेक्षाही गार लागू शकते. ट्रेकिंगच्या चांगल्या मॅटमध्ये आत फोम, धागे किंवा चमकदार पडदे असतात, त्यांचे पैसे असतात. फुगवायची मॅट घेतलीच तर तिच्यासोबत एक फोमची असू द्या, फुगवलेली रात्री पंक्चर झाली तर तीच आधार, आणि काट्याकुट्यांपासून संरक्षणही.

आपल्याकडे एक स्वस्त आणि फार चांगला उपाय आहे तो म्हणजे भाताचा पेंढा. भंडारदरा, रतनवाडी, साम्रद या भागात हिवाळ्यात भात झोडून झालेला असतो, ज्यांच्या शेतात किंवा अंगणात टेंट लावताय त्या दादांना विचारलं, थोडे पैसे देऊ केले तर पेंढा मिळतो. टेंट लावायच्या आधी खाली वीतभर जाड कोरडा पेंढा पसरा आणि त्यावर टेंट. सकाळी गोळा करून परत द्या, तो जनावरांचा चारा आहे. पेंढा नसेल तर टेंटच्या आत मॅटखाली जे असेल ते पसरायचं, रिकामी सॅक, दोर, रेनकोट, पॉन्चो. पायाखाली सॅक, कमरेखाली आणि खांद्याखाली जास्त जाड थर, कारण कुशीवर झोपलं की तिथेच वजन येतं आणि तिथूनच गार लागतं.

गाडीने जाणार असाल तर घोंगडी घ्या. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची खरी घोंगडी अंगाला टोचते, जड असते, पण थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही आणि मॅटवर दुहेरी करून टाकली की तिच्यासारखं काही नाही. आजीची गोधडीसुद्धा अंगावर घेण्यापेक्षा अंगाखाली जास्त उपयोगाची, फक्त ती सुती आहे, ओल लागू द्यायची नाही. चमकदार इमर्जन्सी ब्लँकेट मॅटखाली टाकलं तर वाऱ्याला आणि ओलीला अडवतं, पण नुसतंच ते अंगाखाली घालून काही होत नाही, त्यात हवाच नाही. आणि ते अंगावर गुंडाळून रात्रभर झोपू नका, घाम बाहेर जात नाही आणि पहाटे आतून ओले व्हाल.

स्लीपिंग बॅगवरचे आकडे नीट वाचा

बॅगवर ठळक लिहिलेलं असतं उणे १०, आणि आपण खूश होतो. आत छोट्या अक्षरात तीन वेगवेगळे आकडे असतात. युरोपियन पद्धतीने, म्हणजे ईएन १३५३७ किंवा नंतरच्या आयएसओ २३५३७ प्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी तीन तापमानं दिलेली असतात. कम्फर्ट म्हणजे सरासरी बाई ज्या तापमानाला अंग सैल सोडून नीट झोपेल ते. लिमिट म्हणजे सरासरी पुरुष अंगाचं मुटकुळं करून कसाबसा झोपेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे माणूस सहा तास जिवंत राहील, झोप वगैरे विसरा, हिमदंशही होऊ शकतो. विकत घेताना किंवा भाड्याने घेताना फक्त कम्फर्टचा आकडा बघायचा, बाकीचे दोन नजरेआड करायचे. ट्रेकवाले सांगतात आमची बॅग उणे १० ची आहे तेव्हा विचारा, दादा उणे १० कम्फर्ट का एक्स्ट्रीम? उत्तर गोलमाल आलं तर आपली लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ, आणि एक जाड जॅकेट जास्तीचं घ्या.

किती थंडी असेल याचा अंदाज पण नीट काढा. मोबाईलमधलं हवामान बहुतेक वेळा खालच्या गावाचं असतं. दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी धरा. केदारकंठ्याचं उदाहरण घ्या, सांक्री गाव १९५० मीटरच्या आसपास आणि वरचा बेस कॅम्प ३४०० च्या आसपास, म्हणजे गावात रात्री शून्य असेल तर कॅम्पवर उणे ९ धरून चाला, आणि त्याच्याही खाली ५ अंश कम्फर्ट असेल अशी तयारी ठेवा. सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीत ५ ते १० अंश ही नेहमीची रात्र, थंडीची लाट असली तर अजून खाली, तेव्हा शून्य ते ५ कम्फर्टची बॅग आपल्याकडच्या सगळ्या हिवाळ्याला पुरते.

पिसांची का कृत्रिम? बदकाच्या, हंसाच्या पिसांची, म्हणजे डाउनची बॅग हलकी, छोटीशी गुंडाळली जाते आणि फार गरम, पण भिजली की पिसं एकमेकांना चिकटून चपटी होतात आणि तिचा उपयोग जवळजवळ संपतो. कृत्रिम भरणाची जड आणि मोठी, पण ओली झाली तरी थोडीफार ऊब देते आणि स्वस्त पडते. दवाने टेंट ठिबकणार असेल अशा सह्याद्रीतल्या कॅम्पला माझं मत कृत्रिमच्या बाजूने आहे, आणि कोरड्या बर्फाच्या उंच जागी वजन वाहायचं असेल तर डाउन.

कुठलीही असो, कॅम्पवर पोचल्यावर टेंट लागला की लगेच बॅग पिशवीतून काढून झटकून पसरून ठेवा. तासभर तिला फुलायला द्या, ऐन झोपायच्या वेळी काढलेली चपटी बॅग मध्यरात्रीपर्यंत फुलत बसते. शिरल्यावर आतली जागा फार रिकामी वाटली तर उद्याचे कोरडे कपडे पायाशी आणि बाजूने कोंबा, ते सकाळी गरमही मिळतात. उलट आतून इतके कपडे घालू नका की बॅग ताणून बसेल, तेव्हा ती दबून गार पडते. जाड जॅकेट घालून आत घट्ट होत असेल तर ते काढून बॅगच्या वरून पायावर किंवा छातीवर पांघरा, पायाकडच्या टोकावर जॅकेटची चेन लावून टाकली तर फारच छान.

बॅगेचं टोपडं डोक्यावर ओढून दोरी आवळा, नाक आणि तोंड मात्र बाहेर. तोंड आत घेऊन झोपलं की आधी गरम वाटतं पण श्वासातली वाफ बॅगेत जाते, दोन-तीन रात्रींत बॅग जड आणि ओली होते. नाकाला गार लागत असेल तर बफ, म्हणजे गळ्यात घालायची ताणणारी कापडी नळी, नाकापर्यंत ओढून घ्या. चेनच्या फटीतून हवा येते, चेनमागची पट्टी नीट बसली आहे का ते आधीच बघा, आणि मानेभोवती पट्टी नसेल तर मफलर गुंडाळा, खांद्यापासून आलेली थोडी हवासुद्धा सगळं आत गार करते.

कपडे

चालताना घातलेले कपडे झोपताना अंगावर ठेवायचे नाहीत, हा नियम एकदाही मोडू नका. ते कोरडे वाटले तरी त्यात घाम असतो. झोपायचा एक जोड वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, त्याला दिवसा हात लावायचा नाही: थर्मल वरचं-खालचं, जाड लोकरी मोजे, कानटोपी. बनियनसकट सुती सगळं काढून टाका, सुती कापड घाम धरून बसतं आणि रात्रभर गार लागतं. मोजे सैल हवेत. घट्ट मोजे किंवा दोन-दोन मोजे एकावर एक कोंबले की रक्त पायापर्यंत नीट पोचत नाही आणि बोटं अजून गार पडतात. माकडटोपीला कोणी हसलं तर हसू द्या.

बदलण्याची वेळही महत्त्वाची. कॅम्पवर पोचल्या पोचल्या, अंग गरम असतानाच ओला शर्ट काढून कोरडा घाला आणि वर जॅकेट. लोक आधी चहा पितात, फोटो काढतात, अंधार पडल्यावर बदलायला जातात आणि तोपर्यंत अंग गार पडलेलं असतं, मग ते परत गरम करायला तास-दीड तास जातो.

जेवण, पाणी आणि झोपायच्या आधीचा अर्धा तास

थंडीत शरीराला इंधन लागतं. रात्री पोटभर आणि तुपाचं जेवण, खिचडीवर तूप, पिठलं-भाकरी, बर्फात असाल तर डाळ-भातावर दोन चमचे तूप जास्त. तुपाचं, दाण्याचं खाल्लेलं सावकाश पचतं आणि बराच वेळ उष्णता देत राहतं. उंचावर भूक मरते, तरी थोडं थोडं खा. झोपायच्या आधी एक शेंगदाण्याचा किंवा डिंकाचा लाडू, नाहीतर गूळ-शेंगदाणे, आणि एक उशाशी ठेवा, मध्यरात्रीसाठी. नीट डब्यात बंद करून ठेवा, गडांवर कुत्री आणि माकडं असतात आणि उंदीर टेंट कुरतडून आत येतात.

पाणी कमी पिऊ नका. रात्री बाहेर जावं लागेल म्हणून लोक संध्याकाळपासून पाणी तोडतात, त्याने रक्त घट्ट होतं, बोटं गार पडतात आणि उंचीवर डोकं दुखतं. संध्याकाळी गरम सूप, गरम पाणी प्या, झोपायच्या तासभर आधी आवरतं घ्या. थंडीत लघवी जास्त लागते हे नैसर्गिक आहे, तुंबवून पडून राहिलात तर झोप लागणारच नाही. उठा, जाऊन या. बर्फात किंवा जोराचा वारा असेल तेव्हा रुंद तोंडाची खूण केलेली वेगळी बाटली टेंटमध्ये ठेवणं अगदी रास्त आहे, बायकांसाठी त्याचे छोटे नरसाळेही मिळतात.

दारूबद्दल स्पष्ट बोलतो कारण लेककॅम्पिंगला हा प्रकार फार चालतो. रम घेतली की गरम वाटतं कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतलं गरम रक्त कातडीकडे येतं. म्हणजे जी उष्णता पोटात, छातीत राहायला हवी ती बाहेर टाकली जाते, शिवाय थंडी वाजतेय हे कळणंही कमी होतं. थंडीत टेंटमध्ये झोपायचं असेल तर दारू नको, उंचावर तर अजिबातच नको, आणि झोपेच्या गोळ्याही नकोत, त्यांनी श्वास मंदावतो.

आता झोपायच्या आधी: बॅगेत गार अंगाने शिरायचं नाही. बाहेर पाच-दहा मिनिटं भराभर चाला, जागच्या जागी उड्या मारा, बैठका काढा, अंग गरम होईल पण घाम येणार नाही इतपतच. मग लगेच आत. आत पडून पायाची बोटं हलवा, पोट आवळून सोडा.

आणि गरम पाण्याची बाटली. याच्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. जाड कडक प्लास्टिकची किंवा एकपदरी स्टीलची बाटली घ्या, पातळ प्लास्टिकची विकतच्या पाण्याची नाही, ती उकळत्या पाण्याने वाकते आणि गळते. पाणी उकळून थोडं निवू द्या, झाकण घट्ट, बाटली उलटी धरून गळत नाही ना ते बघा, मग जाड मोज्यात घाला. झोपायच्या दहा मिनिटं आधी बॅगेत पायाशी, शिरल्यावर दोन मांड्यांच्या मध्ये, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात म्हणून सगळं अंग लवकर गरम होतं. उघड्या कातडीला थेट लावू नका, झोपेत भाजतं आणि कळत नाही. सकाळी तेच कोमट पाणी प्यायला होतं. थर्मास यासाठी चालत नाही, तो उष्णता बाहेरच सोडत नाही, त्यात रात्री प्यायचं गरम पाणी ठेवा. बाजारातले हीट पॅकसुद्धा मोज्यावरून किंवा कपड्यावरूनच, आणि ते चालायला हवा लागते, बॅगेत अगदी तळाशी कोंबले की बंद पडतात.

टेंट पूर्ण बंद करू नका

थंडी म्हणून लोक टेंटच्या सगळ्या चेन, सगळ्या खिडक्या बंद करतात. रात्रभर श्वासातून निघालेली वाफ गार कापडावर लागते आणि पहाटे तुमच्यावर ठिबकते, बर्फात तर तिचे आत कण होतात आणि उन्हात वितळून सगळं भिजवतात. वरची छोटी खिडकी आणि दाराची वरची बोटभर चेन उघडी ठेवा, वाऱ्याच्या उलट बाजूची. एक-दोन अंश गार पडेल पण कोरडे राहाल, आणि कोरडं असणं जास्त महत्त्वाचं. ओले कपडे आत वाळत घालू नका, बॅगेचं टोक टेंटच्या भिंतीला टेकू देऊ नका.

आणि आता जे सांगतोय ते कृपया प्रत्येकाला सांगा. टेंटमध्ये शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं, गॅसचा स्टोव्ह, हीटर काहीही पेटतं ठेवून झोपायचं नाही, पाच मिनिटं सुद्धा नाही, थोडी चेन उघडी ठेवतो असं म्हणूनही नाही. कोळसा किंवा गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आधी डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस उठू शकत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमध्ये दामन इथे रिसॉर्टच्या खोलीत हीटर लावून झोपलेले केरळचे ८ पर्यटक गेले, त्यात लहान मुलं होती. ती तर पक्की खोली होती, टेंट त्याहून कितीतरी लहान असतो. विझलेले वाटणारे निखारेसुद्धा आत आणू नका. ट्रेकवर कोणी आणत असेल तर भीड न ठेवता बाहेर काढायला लावा.

शेकोटीचंही थोडं. अभयारण्यात, म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या पट्ट्यात, आग पेटवायला मनाई असते, कॅम्पिंगचे नियमही बदलत असतात, आधी वन विभागाला किंवा गावात विचारून घ्या. जिथे चालते तिथेही शेकोटीने पुढून गरम आणि पाठ गार राहते, आणि एक ठिणगी महागड्या जॅकेटला भोक पाडते. शेकोटी गप्पांसाठी, ऊब बॅगेत.

मध्यरात्री जाग आली तर

पडून राहून सहन करू नका, थंडी वाजून जाग आली म्हणजे शरीर मागे पडतंय. क्रमाने करा: मॅटवरून सरकलो तर नाही ना ते बघा, बऱ्याच वेळा कारण एवढंच असतं. लघवी करून या. लाडू खा, थर्मासमधलं दोन घोट गरम पाणी. बॅगेतच उठाबशासारखं पोट आवळा, पाय ताणा. मग अंगाखाली अजून काहीतरी घाला, सॅक, जॅकेट, आणि त्यानंतर वरून. एकमेकांना टेकून झोपा, भिंतीकडे सगळ्यात गार म्हणून ज्याला जास्त थंडी वाजते त्याला मध्ये घ्या. लहान मुलं सोबत असतील तर त्यांचे हात बघून अंदाज बांधू नका, मानेखाली हात घालून बघा.

सोबत्याचं लक्ष ठेवा. जोराने थरथरणं ही शरीराची धडपड असते, पण बोलणं जड झालं, बटण लावता येत नाही, काहीही बडबडतोय, आणि त्यातही थरथरणं अचानक थांबलं पण माणूस सुस्त आहे, तर ती हायपोथर्मियाची, म्हणजे अंगाचं तापमान धोक्याइतकं उतरल्याची खूण आहे. लगेच लीडरला उठवा, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली दोन मॅट, बॅगेत घालून काखेत आणि जांघेत मोज्यातल्या गरम बाटल्या, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गोड गरम पेय. हातपाय चोळू नका, चालवू नका, आणि उजाडायची वाट न बघता खाली न्यायची व मदत मागवायची तयारी करा.

बर्फावर असाल तर एवढं अजून

टेंट लावायच्या आधी बूट घालून बर्फ तुडवून सपाट आणि कडक करा आणि थोडा वेळ बसू द्या, नाहीतर अंगाच्या उबेने खड्डा पडतो आणि रात्रभर त्यात लोळता. पाण्याची बाटली उलटी करून ठेवा, पाणी वरून गोठतं त्यामुळे सकाळी झाकण उघडतं. फोन, पॉवर बँक, हेडलॅम्पची बॅटरी, पाण्याचा फिल्टर, कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी सगळं बॅगेच्या आत, पोटाशी. बॅटरी गारठ्यात बसते आणि फिल्टर एकदा आतून गोठला की बाहेरून चांगला दिसतो पण त्याचा भरवसा संपतो. बूट ओले असतील तर लेस पूर्ण सैल करून, पिशवीत घालून मॅट आणि सॅकच्या मध्ये किंवा बॅगेच्या पायथ्याशी, बाहेर ठेवले तर सकाळी दगडासारखे होतात आणि पाय जात नाही.

सकाळी आणि घरी आल्यावर

उठल्या उठल्या बॅग गुंडाळू नका. तिच्यातली गरम दमट हवा हाताने दाबून बाहेर काढा, मग उलटी करून टेंटवर किंवा दगडावर उन्हात टाका, चहा-नाश्ता होईपर्यंत अर्धा-पाऊण तास. सलग तीन-चार रात्रींच्या ट्रेकमध्ये शेवटच्या रात्री जास्त गार लागतं त्याचं एक मोठं कारण हेच, बॅग रोज थोडी थोडी ओली होत गेलेली असते आणि कोणी वाळवलेली नसते. ऊन नसेल तर निदान कोरड्या फडक्याने वरचं पाणी पुसा. टेंट ओला गुंडाळावा लागला तर वेगळ्या पिशवीत घाला, बॅगेसोबत नको.

घरी आल्यावर स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून वर्षभर ठेवू नका, भरण दबून मरतं आणि पुढच्या हिवाळ्यात तीच बॅग पहिल्यासारखी ऊब देत नाही. पूर्ण वाळवून, सैल, मोठ्या सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या खोळीत ठेवा, नाहीतर कपाटात हँगरला टांगा. मॅट फुगवायची असेल तर व्हॉल्व्ह उघडा ठेवून पसरून. आणि नवीन सामान घेतलं असेल तर पहिली रात्र डोंगरावर काढू नका, डिसेंबरमधल्या एखाद्या गार रात्री गच्चीवर किंवा अंगणात हाच सगळा थर लावून झोपून बघा, कुठून गार लागतंय ते तिथेच कळेल आणि लागलंच तर घर दहा पावलांवर असेल.